उंबऱ्याबाहेरचा पाय

आमच्या म्यानेजरांचा एक पाय कायम कारखान्याच्या बाहेर असायचा. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. त्यांचं स्टूल बरोबर उंबऱ्याला लावलेलं असे आणि त्यावर ते असे बसत, की डावा पाय आत आणि उजवा बाहेर पायरीवर. डाव्या पायातली वहाण काढून ठेवलेली, उजव्यातली घातलेली. मी कामाला लागले त्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याच्या पायाला काही दुखणं असेल. विचारलं तर म्हणाले, "दुखणां कसला गो? पळाची येळ इली तर एका पायात तरी व्हाण व्हयी मा?"

कारखाना म्हणजे मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची एक लांबट चिरेबंदी खोली, वर कौलं, मागे माड आणि माडांपलीकडे समुद्र. तिथे गोटी सोडा तयार व्हायचा. बाबल मशीन चालवायचा, दाजी बैलगाडीतून माल पोचवायचा, रुक्मीणकाकी आणि मी बाटल्या धुवायचो. मी फायनल पास होऊन मास्तरणीच्या नोकरीची वाट बघत होते. वडील तारवावर असत, पण त्यांची नजर अधू होत चालली होती आणि तांडेल त्यांना आणखी किती दिवस नेईल याची आम्हाला शाश्वती नव्हती. त्यामुळे त्या बाटल्यांवरच आमची चूल होती. रुक्मीणकाकीची तशीच, बाबलची तशीच. या चार माणसांवर म्यानेजर म्हणून जे होते, त्यांना सारं गाव म्यानेजर म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा. त्यांचं नाव मला त्यांच्या बाराव्याला कळलं.

ते कशाला भीत नसत हे सांगणं सोपं पडेल. एस.टी.ला भीत, होडीला भीत, माडाखालून जाताना डोक्यावर हात धरून जात. पण सगळ्यात जास्त भीत ते सोड्याच्या बाटलीला. त्यात चूक नव्हती. मशीनच्या जाळीच्या पिंजऱ्यात बाटल्या लावायच्या, नळकांड्यातला गॅस सोडायचा आणि मूठ धरून पिंजरा गरगर फिरवायचा. बाटली उलटी होते, गॅसच्या जोराने आतली गोटी तोंडाशी घट्ट बसते, आणि एखाद्या बाटलीच्या काचेत खोट असेल तर ती बंदुकीसारखी फुटते. बाबल तोंडाला तारेची जाळी बांधायचा, हातांना गोणपाट गुंडाळायचा. तरी त्याच्या कोपरावर व्रण होते. पहिल्यांदा बाटली फुटली तेव्हा मी धुवायच्या टाकीमागे बसकण मारली आणि माझी दातखीळ बसली. काचेचा तुकडा माझ्या वेणीजवळून जाऊन भिंतीत रुतला होता.

त्या शांततेत बाहेरून म्यानेजरांचा आवाज आला. ते केव्हाच रस्त्यापलीकडे पोचले होते. "बाबल?" "आसंय." "रुक्मिणी?" "आसंय." "शेवते?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुन्हा हाक आली, या वेळी जवळून. "शेवते? गो शेवते!" मी कसंबसं "आसंय", म्हणजे आहे मी, असं म्हटलं तेव्हा ते उंबऱ्यावर येऊन थांबले होते, एक पाय आत टाकून, पांढरेफटक. त्यानंतर प्रत्येक बाटलीला हेच. आधी पळायचे, मग तिकडून आमची नावं घ्यायचे. शेवटच्या माणसाने "आसंय" म्हटल्याशिवाय त्यांचा श्वास खाली बसायचा नाही. दाजी तर बहुधा गाडी घेऊन बाहेर गेलेला असायचा, तरी त्याचंही नाव घ्यायचे, आणि दाजी येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचे.

मी एकदा थट्टेने म्हटलं, "म्यानेजरांनू, येवढ्या वर्सांत तुमका कधी काच लागली?" त्यांनी लगेच स्टुलाच्या लाकडाला हात लावला. "नाय गो. काच नाय, पडणां नाय, साधो इंचूसुदीक चावलो नाय. म्हणूनच तर भितंय. माझां सगळां शिल्लक आसा." आयुष्यात प्रत्येकाच्या वाट्याला काही ठरलेलं असतं आणि आपलं अजून यायचंय, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही हसायचो. पण रात्री अंथरुणावर पडलं की मला वाटायचं, माझंही शिल्लक आहे. भीती खरजेसारखी असते, जवळ बसणाऱ्याला लागते.

कारखाना बुडत चालला होता तो या भीतीपायीच. म्यानेजर बाबलला गॅस पुरता सोडूच देत नसत. "बास! बास रे! फुटतली!" त्यामुळे आमची बाटली कधी फुटायची नाही असं नाही, पण आमचा सोडा मात्र नक्की मिळमिळीत असायचा. गोटी दाबली की दुसऱ्यांच्या बाटल्या किंचाळत, आमची नुसती उसासा टाकी. बाजारातले दुकानदार विचारत, "म्यानेजरांनू, ह्यो सोडो की बावीचां पाणी?" कणकवलीचा सोडा पिऊन लोकांच्या नाकातून पाणी यायचं, आणि लोकांना तेच हवं असायचं. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली.

मालक मुंबईला असत. कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला, यांना त्याचं ओझं झालेलं. त्या वर्षी दसऱ्याला ते आले ते एकटे नव्हते. बरोबर कणकवलीचा एक व्यापारी होता आणि बाहेर त्याचा ट्रक उभा होता. मालक सरळ म्हणाले, "आज पूजा होऊ दे. पूजा झाली की मशीन यांच्या गाडीत चढवायचं. मला हे झेपत नाही." रुक्मीणकाकी ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. बाबल मशीनला झेंडूची माळ घालत होता, त्याचे हात थांबले. मला वडिलांचे डोळे दिसायला लागले.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनसमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. तो मान गावकरांच्या घराण्याचा. गावकर एकेक वाक्य म्हणतात आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. पण गावकरांना नेमकं सुतक आलं होतं. जमलेल्यांत वयाने मोठे म्यानेजरच. त्यांनी हात जोडून सांगून पाहिलं, की माका सोडा, माझी जीभ वळाची नाय. मालकांना घाई होती. म्यानेजरांच्या हातात नारळ दिला गेला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"आज दसऱ्याच्या दिसाक तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उबी रवली हत…"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मशिनीन आमच्या पोटाक घातलां. तिच्यार तुझी नजर असांदे…"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. इथेच नारळ फोडायचा होता. पण म्यानेजरांची नजर दारातून बाहेर ट्रककडे गेली, आणि घाबरलेला माणूस जसा उतारावर थांबूच शकत नाही, तसे ते पुढे धावत सुटले. "आणि म्हाराजा… ही मशीन ह्याच जाग्यार रवांदे… जो कोण हिका हयसून हलवीत… त्येका म्हाराजा… त्येका तू बघून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मालकही ओरडले, सगळ्यांत मोठ्याने. कणकवलीचा व्यापारीसुद्धा ओरडला. त्यांचा काय दोष? लहानपणापासून त्या जागी तेच शब्द तोंडातून निघत आलेले. नारळ फुटला, आणि मग आपण कशाला हो म्हणालो ते एकेकाच्या ध्यानात आलं. नळकांड्याच्या तोंडाशी सुसणारा गॅस तेवढा ऐकू येत होता.

व्यापाऱ्याने दोर गुंडाळला. "माका बायल-पोरां आसत," म्हणाला आणि खोबरंही न घेता ट्रकमध्ये जाऊन बसला. मालक चिडून म्हणाले, "म्यानेजर, हे काय करून ठेवलंत तुम्ही?" मालकांशी बोलताना म्यानेजर पुस्तकी मराठीत शिरत. "मालक, मी केलं नाही. ते… माझ्या तोंडून झालं." आणि मटकन पायरीवर बसले. मालकांनी स्वतः त्या मशीनला हात लावायचं धाडस केलं नाही, मुंबईत वाढले असले तरी. पुढच्या दसऱ्यापर्यंत बघू, तोपर्यंत नाही चाललं तर कुलूप लावू, असं बजावून ते गेले.

लोक आम्हाला म्हणत, तुमच्या म्यानेजराने काय डाव टाकला! डाव कसला? त्या दिवसापासून म्यानेजरांची झोप उडाली. देवाच्या गळ्यात आपण भलतीच गोष्ट बांधली आणि आता ती निभावली पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतलं. कारखाना बंद पडला तर मशीन हलणारच, आणि हलवणाऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर. बाबलने संधी साधली. "म्यानेजरांनू, गॅस पुरतो सोडूक दितास, की कुलूप लावूया?" म्यानेजरांनी एकदा नळकांड्याकडे बघितलं, एकदा देवळाच्या दिशेने. कोणाला जास्त भ्यायचं ते ठरवायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "सोड. पण सांबाळून सोड."

मग आमची बाटली किंचाळायला लागली. कार्तिकातल्या जत्रांना दाजीची गाडी भरून माल जायचा. म्यानेजर गाडीत बसत नसत. गाडीच्या पुष्कळ पुढे, हातात काठी घेऊन चालत, आणि रस्त्यातला प्रत्येक दगड काठीने बाजूला सारत. मागून बाटल्यांचा किणकिणाट जोरात झाला की खांदे वर घेऊन थबकत आणि न वळता विचारत, "दाजी?" दाजी कंटाळून म्हणे, "आसंय, आसंय." जत्रेतले लोक नाक चोळत दुसरी बाटली मागत. आमच्या टोपल्या रिकाम्या येऊ लागल्या. आणि जितकं बरं चाललं तितके म्यानेजर जास्त घाबरे होत गेले. "बरां चल्लां मगे काय तरी येवचा आसा," म्हणत. छपरातून धामण पडली, ती खूण. नळकांडं फोंड्याच्या घाटात अडकून पडलं, ती खूण. मशीनजवळचा केर काढतानासुद्धा ती तिळभर सरकू नये म्हणून ते दारातून ओरडत.

ते जे येवचा होतं, ते आषाढात आलं. अमावास्येचं उधाण आणि त्यावर वारा. सकाळीच समुद्र माडांत शिरला. आम्ही पोचलो तेव्हा कारखान्यात घोट्यापर्यंत पाणी होतं. रुक्मीणकाकी आणि मी बाटल्यांच्या टोपल्या पुढच्या पडवीत न्यायला लागलो. एवढ्यात दाजी ओरडला. मागच्या भिंतीचे चिरे खालून सुटत होते, मातीचा लगदा वाहून जात होता, आणि भिंत आत झुकली होती. मशीन बरोबर तिच्या खाली.

पडवीपर्यंत नेली तर मशीन वाचणार होती. चार नट सोडायचे आणि उचलायचं, एवढंच काम. बाबलने पाना काढला, नटाला लावला, आणि तसाच राहिला. त्याचे ओठ हलत होते. घरी त्याची दोन पोरं होती, धाकटं अजून रांगत होतं. दाजीने मान वळवली. मीही पुढे झाले नाही. मला समुद्राची भीती वाटत होती, भिंतीची वाटत होती, पण त्या वाक्याची जास्त वाटत होती, कारण मी स्वतःच त्याला व्हय म्हटलं होतं. भिंतीतून एक चिरा सुटून पाण्यात पडला.

म्यानेजर बाहेर रस्त्यावर होते, डोक्यावर इरलं, नेहमीसारखे पळायच्या तयारीत. ते आत आले. डावा पाय, मग उजवा. पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही पाय मी कारखान्यात बघत होते. त्यांनी बाबलच्या हातातून पाना घेतला. "खंयच्या अंगाक फिरवचो?" बाबल रडत म्हणाला, "डाव्या, म्यानेजरांनू." त्यांनी आयुष्यात पाना धरला नव्हता. तो निसटायचा, पाण्यात पडायचा, ते चाचपून काढायचे. भिंत करकरत होती आणि त्यांच्या दातांचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. नट सुटले तसं त्यांनी दोन्ही हातांनी मशीनला धक्का दिला. ती वीतभर सरकली. मग वर बघून, अगदी ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "बघून ठेव म्हाराजा. हात माझो आसा." आणि आमच्याकडे वळून ओरडले, "हलली ती! हलवणारो मी झालंय. आता तुमी नुसती उचला!"

आम्ही उचलली. पडवीत टेकवून मागे बघतो तो भिंत आली. धुरळा नाही, नुसता प्रचंड धप्प आवाज, आणि मशीनच्या जागी चिऱ्यांचा ढीग. म्यानेजर रस्त्यापलीकडे पोचले होते. तिथून, त्या पावसात, त्यांनी आमची नावं घेतली.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. किल्ल्या बाबलला दिल्या. "आता माझ्यार येतला तां येतला. तुमच्या मदी बसलंय आणि बाटली फुटली तर तुमच्या अंगार उडात." आम्ही हातापाया पडलो. रुक्मीणकाकी म्हणाली, "अवो, देवाक कौल लावून बघा. माफ केल्यान असात." ते दचकले. "आणि नाय केल्यान असात तर? इचारूक नाय तवसर बरां आसा." समोर चहाचं हॉटेल होतं, त्याच्या पायरीवर ते बसू लागले. दोन्ही पाय बाहेर. मालकांनी भिंत बांधून दिली, मशीन जागेवर बसली, पण म्यानेजर आले नाहीत. बाटली फुटली की पलीकडून नावं मात्र यायची. आपण एकटे पडलोय हे त्यांना मान्य होतं, पण म्हणून त्यांची भीती तसूभर कमी झाली नव्हती. हॉटेलातला चहा ते निवून पाणी झाल्यावर पीत.

दसरा आला. मालक आले, आणि आल्या आल्या म्हणाले, कारखाना चालू राहील. या वेळी गावकरांना सुतक नव्हतं. आदल्या दिवशी आम्ही चौघं त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. गाऱ्हाणं सुरू झालं तेव्हा म्यानेजर पलीकडच्या पायरीवर हात जोडून उभे होते. गावकरांनी आवाज मुद्दाम चढवला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! तुझी मशीन जाग्यार आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"हलवणाऱ्यान ती वाचवूसाठी हलयली. त्येचो अपराध पोटात घाल…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुका काय द्यायचाच असात… तां त्येका एकट्याक नको. ह्या सगळ्यांका वाटून दी…"

आम्ही श्वास घेतला. मागच्या वर्षी मी न कळत व्हय म्हटलं होतं, या वर्षी कळून म्हणायचं होतं. "व्हय म्हा—"

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात असं कोणी म्हणत नाही. माझ्या हयातीत मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. म्यानेजर रस्ता ओलांडून धावत येत होते. बंदराकडून एस.टी. येत होती, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "नाय म्हाराजा! नाय! पोरां आसत ती! वाटणी नको! माझां तां माझां!" देवावर ओरडत ते उंबरा ओलांडून सरळ आत घुसले आणि मशीनसमोर हात पसरून उभे राहिले, जणू मार आलाच तर आधी त्यांच्या अंगावर पडावा.

गावकरांनी नारळ छातीशी धरला. मालकांच्या तोंडाचा आ तसाच. शेवटी रुक्मीणकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली, "म्यानेजरांनू, पाय बघा तुमचे." त्यांनी खाली बघितलं. दोन्ही आत होते. ते बाहेर जायला वळले, पण बाबल दारात उभा होता. तो म्हणाला, "आता खंय जातास? आमी व्हय म्हटलां, तुमी नाय म्हटलात. देवाक काय तां ठरवंदे. तवसर सगळीच हयसर रवया." गावकरांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा म्यानेजरांच्या हातावर ठेवला. तो तोंडात टाकायच्या आधी त्यांनी उलटसुलट करून नीट बघितला.

स्टूल परत उंबऱ्याला लागलं. एक पाय परत बाहेर गेला. पुढच्या वर्षी मला तळेऱ्याच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा मला एस.टी.त बसवायला ते आले होते. ड्रायव्हरला त्यांनी हात जोडून सांगितलं, "जपून न्या. चेडू आमचां आसा." गाडी वळणाआड जाईपर्यंत ते काठी घेऊन उभे दिसत होते.

काही वर्षांनी ते गेले, साध्या तापाने, घरी, झोपेत. काच नाही, पडणं नाही, विंचूही नाही. बाराव्याला बाबल मला म्हणाला, "देवान कोणाचां आयकलान, तां कळलां नाय बघ." मलाही कळलं नाही. त्यांचं शिल्लक त्यांच्याबरोबर गेलं असेल, किंवा आम्हा सगळ्यांना थोडं थोडं मिळालं असेल. वडिलांचे डोळे गेले, बाबलचा धाकटा समुद्रात गेला. पण असं तर सगळ्यांच्याच घरी होतं.

आता मीही म्हातारी झाले. घरात काही फुटलं, दिवाळीत अचानक फटाका वाजला, तर माझ्या तोंडून आपसूक "आसंय" निघतं. नातवंडं हसतात, विचारतात, आजी, तुला कोणी हाक मारली? मी काही सांगत नाही. थोडा वेळ थांबते, पलीकडून पुढचं नाव घेतलं जातं का ते ऐकत.